टेबलावरची यारी

मराठी विश्वकोशात क्रेन शोधायला गेलात तर ‘यारी’ या नोंदीपाशी पोचाल. उज्जैनमध्ये मात्र हा शब्द वापरायची सोय नाही. इथे यारी म्हणजे दोस्ती. देवास गेटच्या बस स्टँडसमोर उभं राहून ‘ती बघ यारी’ म्हटलं, तर ऐकणारा गळ्यात गळा घातलेली दोन माणसं शोधेल. त्या यंत्राचं इथलं नाव ‘हायड्रा’. मुळात हे एस्कॉर्ट्स कंपनीच्या क्रेनचं नाव, पण डालडाचं झालं तेच याचंही झालं. चार चाकं आणि पुढे सोंड असलेलं काहीही दिसलं की तो हायड्रा.

२०२८ च्या सिंहस्थाची कामं निघाल्यापासून हायड्रा रोजच्या पाहण्यातला झाला आहे. एकदा एक विजेचा खांब घेऊन चाललेला दिसला. भाचा बरोबर होता. खांब जमिनीपासून जेमतेम हातभर वर, आणि एक माणूस त्याला बांधलेला दोर धरून बाजूने चालतोय. ‘मामा, एवढी मोठी क्रेन आणि उचलतो किती? एवढंसं!’ भाचा म्हणाला. मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. खरं उत्तर मला महिनाभराने कळलं, तेही घरच्या जेवणाच्या टेबलावर.

आमच्या काचेच्या कपाटात एक क्रेन होती. १:५० प्रमाणाची, जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली, शोभेची. सोंड हाताने वर करायची, ती घर्षणावर तशीच राहते. हूक वर घ्यायचा तर इवलंसं चाक नखाने फिरवायचं. हिला रिमोटवर चालवायची, असा भाच्याने हट्ट धरला. तो आठवीत आहे, मी पन्नाशीत. रेडिओचं अवघड जाईल, बाकी काय, मोटर लावली की फिरतंय, अशी दोघांचीही समजूत होती. झालं नेमकं उलटं.

रेडिओचं काम एका संध्याकाळीत उरकलं. त्याचं श्रेय आमचं नाही, सव्वाशे वर्षांच्या तयार शिदोरीचं आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये बिनतारी लहरींनी लांबची घंटा वाजवली आणि दारू पेटवून दाखवली. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात छोटी बोट दुरून वळवून दाखवली. सगळ्या रिमोट खेळण्यांची ती पणजी. आज इंदूरच्या जेल रोडवरून आणलेल्या पाकिटात जे मिळतं ते असं: हातातल्या दांडीची जागा मोजून तिचा आकडा करायचा, तो २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीवर सेकंदाला कित्येक वेळा पाठवायचा, आणि पलीकडच्या चिपने तो वाचून मोटरला सांगायचं, इतकी फीर, या बाजूला फीर. बाजू बदलण्यासाठी चार इलेक्ट्रॉनिक बटणांचा एक पूल असतो. तिरपी जोडी चालू केली की करंट एका दिशेने वाहतो, दुसरी जोडी चालू केली की उलट्या. या पट्ट्यातली कमी ताकदीची उपकरणं वापरायला भारतात २००५ पासून परवाना लागत नाही.

जुन्या रिमोट गाड्यांना ती लांबलचक ओढून काढायची एरियल असायची, आठवतं? त्या २७ मेगाहर्ट्झवर चालत. तिथे लहरीची लांबी ११ मीटर, म्हणजे पाव लहरीची एरियल करायची तर पावणेतीन मीटरची तार हवी. खेळण्यात ती अर्थातच आखूड असे, त्यामुळे पोचही बेताचीच. २.४ गिगाहर्ट्झला लहर साडेबारा सेंटीमीटरची, पाव लहर तीन सेंटीमीटरच्या आसपास. काडेपेटीतल्या काडीएवढी तार पुरते.

ती तारही आम्ही चुकीच्या जागी ठेवलीच. छान लपावी म्हणून ड्रायव्हरच्या केबिनमध्ये कोंबली. केबिन धातूची. धातूच्या डब्यात रेडिओ लहर शिरत नाही, हे कॉलेजात शिकलेलं. लिफ्टमध्ये फोन कटतो तेव्हा दर वेळी आठवणारं. तरी क्रेन स्वयंपाकघरात चालायची आणि ओसरीवर बसून हलवली की ढिम्म. काचेच्या जागी असलेल्या प्लॅस्टिकमागून तारेचं टोक बाहेर काढलं आणि ती गच्चीवरूनसुद्धा ऐकू लागली.

इथवर आम्ही खुशीत होतो. पुढचे तीन आठवडे वजनाने खाल्ले.

प्रमाण पन्नासपट लहान म्हणजे वजनही पन्नासपट कमी, असं मनात येतं. पण लांबी, रुंदी, उंची तिन्ही पन्नासाने भागायच्या, म्हणजे वजन सव्वा लाखाने भागायचं. पन्नास टनांची क्रेन तशीच्या तशी लहान केली तर भरेल चारशे ग्रॅम. हे ऐकायला सोयीचं वाटतं, पण त्याचा पहिला फटका बसला हुकाला. अर्ध्या टनाचा खरा हूक इथे चार ग्रॅमचा होतो. मोटरने दोरा सोडला, आणि हूक खाली येईचना. दोरा ड्रमवरच सैल होऊन कुरळा झाला, दोन कप्प्यांमध्ये गुंतला. लोखंडी दोराचा ताठपणा अर्ध्या टनापुढे काहीच नाही. आमच्या शिवणाच्या दोऱ्याचा ताठपणा मात्र चार ग्रॅमला भारी पडला, कारण तो काही सव्वा लाखाने भागून आला नव्हता. उपाय भाच्याने काढला. कार्तिक मेळ्यात फुगे फोडायच्या बंदुकीचे शिशाचे छर्रे त्याने कधीतरी खिशातून आणले होते. वीसेक छर्रे हुकाच्या पोकळ पोटात भरले, हूक चौदा ग्रॅमचा झाला आणि सरळ खाली उतरला.

दुसरा फटका मजेशीर. हूक झुलतो तो खेळण्यासारखा झुलतो. खऱ्या क्रेनवर दहा मीटर दोरावर लटकलेलं ओझं एक झोका पुरा करायला सहा सेकंदांहून अधिक घेतं. आमचं वीस सेंटीमीटरवरचं ओझं ०.९ सेकंदात परत येतं. लंबकाचा काळ लांबीच्या वर्गमुळावर ठरतो. पन्नासाचं वर्गमूळ सात, म्हणून आमचं सगळं सातपट घाईत. कितीही बारकाईने रंगवा, हा झोका बिंग फोडतो. सिनेमावाले छोट्या प्रतिकृतींचं चित्रण जास्त वेगाने करून सावकाश दाखवायचे, ते याचसाठी.

आता सोंड. सोनाराचा काटा मागून आणला आणि मोजलं. सोंड १२० ग्रॅमची, २६ सेंटीमीटर लांब, तिचं वजन बिजागरीपासून १२ सेंटीमीटरवर तोललं जातं. टोकाला हूक धरून साठ ग्रॅम ओझं. सोंड आडवी असताना बिजागरीवर येणारा पीळ: १२० गुणिले १२, अधिक ६० गुणिले २६. म्हणजे १४४० आणि १५६०, बरोबर ३००० ग्रॅम-सेंटीमीटर. तीन किलो-सेंटीमीटर. आम्ही हौसेने आणलेली नऊ ग्रॅमची छोटी सर्व्हो मोटर १.८ किलो-सेंटीमीटरची. ती कण्हली, थरथरली, आणि सोंड नमस्कार घालून टेबलावर टेकली.

याच गणितात त्या हायड्राचंही उत्तर होतं. क्रेन किती उचलते हा प्रश्नच अपुरा आहे. किती लांबून उचलते हे विचारावं लागतं. ओझं चाकांपासून दुप्पट लांब गेलं की उलथवणारा जोरही दुप्पट. चालत्या हायड्रावर उंच उचललेला खांब खड्ड्यात चाक जाताच झुलतो, झुलला की क्षणभर लांब जातो, आणि तेवढा क्षण पुरतो. म्हणून खांब जमिनीला लागूनच न्यायचा आणि दोर धरायला माणूस हवा.

मोठी मोटर बसवायला जागा नव्हती. तेव्हा सर्व्हो काढली आणि खोट्या हायड्रॉलिक सिलिंडरच्या पोटात मळसूत्र घातलं. मळसूत्र, म्हणजे साधा तीन मिलिमीटरचा आट्यांचा दांडा आणि त्यावर पुढेमागे सरकणारा नट. दांडा एकदा फिरला की नट अर्धा मिलिमीटर सरकतो. सिलिंडर बिजागरीपासून सहा सेंटीमीटरवर आणि तिरपा, त्यामुळे त्याला साधारण एक किलोचा रेटा द्यावा लागतो. एवढ्या बारीक चढाच्या मळसूत्रावर त्यासाठी ०.०४ किलो-सेंटीमीटरच्या आसपास पीळ पुरतो. करंगळीएवढी गिअरवाली मोटर ते सहज करते. किंमत वेळात मोजायची: मिनिटाला शंभर फेऱ्या घेतल्या तरी नट पाचच सेंटीमीटर जातो. पण खरी सोंडही सावकाशच उठते, त्यामुळे ही किंमत आम्हाला फायद्याचीच पडली.

ढिलाईचा त्रास मात्र राहिला. नटात ०.३ मिलिमीटर खेळ होता. सहा सेंटीमीटरवरचा तो खेळ सोंडेच्या टोकाला निदान १.३ मिलिमीटर होतो, आणि खऱ्या मापात साडेसहा सेंटीमीटर. उज्जैनमध्ये राहून हे मला आधीच सुचायला हवं होतं. सवाई जयसिंगाने इथल्या वेधशाळेतलं सम्राट यंत्र, म्हणजे सावलीचं घड्याळ, दगडचुन्यात एवढं मोठं बांधलं ते याच कारणासाठी. यंत्र मोठं केलं की सावलीची चाल खुणांवर पसरते, बारीक वाचता येते. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी त्या यंत्रांची दुरुस्ती करून वेधशाळा पुन्हा चालू केली. आम्ही जयसिंगाच्या नेमक्या उलट दिशेने निघालो होतो: यंत्र लहान, म्हणून चूक मोठी.

आणि मग सगळ्यात मोठा धडा, हूक उचलायच्या ड्रमचा. पहिली मोटर वेगवान होती. ओझं झोकात वर गेलं. टाळ्या झाल्या. भाच्याने रिमोटची दांडी सोडली आणि ओझं सरसर खाली आलं. दांडी सोडली म्हणजे वीज बंद, आणि मोटरला धरून ठेवायचं काही शिकवलेलंच नव्हतं. मी चिपच्या प्रोग्राममध्ये ब्रेक घातला: थांबताना मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडायची. फिरणारी मोटर अशा वेळी जनित्र बनते आणि स्वतःच्याच फिरण्याला विरोध करते. ओझं आता सरसर न येता सावकाश येऊ लागलं, पण आलं मात्र नक्की. कारण हा विरोध फिरण्यातूनच जन्मतो. फिरणं थांबलं की विरोधही संपतो. असा ब्रेक धावत्याला आवरतो, उभ्याला धरत नाही.

खऱ्या क्रेनच्या ड्रमवर म्हणून उलटी मांडणी असते. ब्रेक घट्ट दाबून ठेवते ती स्प्रिंग. तेलाचा दाब येतो तो ब्रेक सोडवायला. इंजिन बंद पडलं, नळी फुटली, तरी स्प्रिंग आपलं काम करतेच. देवास गेटवरून पलीकडे उज्जैन जंक्शनवर थांबणाऱ्या गाड्यांचे एअर ब्रेकही याच रीतीचे. मुख्य नळीतला हवेचा दाब ब्रेक सोडवून ठेवतो. डबे तुटून नळी सुटली की दाब जातो आणि ब्रेक आपोआप लागतात. खऱ्या क्रेनमध्ये सोंडेच्या सिलिंडरलाही अशी झडप असते, जी दाबाशिवाय तेल परत सोडत नाही.

आमच्याकडे स्प्रिंगला जागा नव्हती, पण उत्तर सोंडेतच पडलेलं होतं. मळसूत्राचा चढ साडेतीन अंशांचा, आणि धातूवर धातू घसरायला दहा-अकरा अंशांचा उतार लागतो. म्हणजे ओझ्याने कितीही दाबलं तरी नट मळसूत्रावरून आपणहून उतरूच शकत नाही. वीज असो वा नसो. हेच तत्त्व गोल करून दात्यांना भिडवलं की होतो वर्म गिअर. तो असलेली मोटर मागवली, मिनिटाला तीस फेऱ्यांची. ड्रम सहा मिलिमीटर जाडीचा, दोरा दोन पदरी. हूक सेकंदाला पाच मिलिमीटरला थोडा कमी चढतो. पन्नासाने गुणलं तर मिनिटाला चौदा मीटर, म्हणजे खऱ्या क्रेनला शोभेल असा वेग. बॅटरी आम्ही मागच्या प्रतिभाराच्या पोकळीत बसवली, म्हणजे वजनही कामी आलं. मोटर सुरू होताना व्होल्टेज दबून रिसीव्हर मूर्च्छित पडायचा, तो एका मोठ्या कपॅसिटरने शुद्धीवर राहू लागला. रेंज गेली की सगळ्या मोटरी बंद, हीसुद्धा एक ओळ प्रोग्राममध्ये लिहिली. वर्म गिअर नसता तर याच ओळीने ओझं खाली पाडलं असतं.

शनिवारी संध्याकाळी चाचणी झाली. ओझं म्हणून भाच्याने लिंबू आणलं, बस स्टँडजवळ विकायला असलेल्या लिंबू-मिरचीच्या माळेतलं. हायड्राच्या पुढे लटकतं तसंच आपल्याही क्रेनला हवं, असं त्याचं म्हणणं. मिरच्या काढून लिंबू काट्यावर ठेवलं: ४६ ग्रॅम. हुकाचे चौदा धरून बरोबर साठ. लिंबू वर गेलं, सोंड वळली, लिंबू सातपट घाईने झुललं आणि शांत झालं. मी प्रतिभाराचं झाकण उघडून बॅटरीची तार काढून टाकली. लिंबू जागचं हललं नाही. रात्रभर असंच राहू द्यायचं, सकाळी पट्टीने उंची मोजायची, असं ठरवून आम्ही झोपलो.

सकाळी पट्टी घेऊन आलो तर हूक रिकामा. भाच्याचा चेहरा पडला. आत आई पोह्यांवर लिंबू पिळत होती.

‘आजी, हे खाली पडलेलं होतं की वर होतं?’

‘वरच होतं की,’ आई म्हणाली, ‘म्हणून तर दिसलं.’