शब्दाला यंत्र, भाकरीला नाही

परंडा तालुक्यात सीनेच्या काठी डोमगाव आहे आणि तिथे कल्याणस्वामींचा मठ. समर्थांनी सांगावं, कल्याणांनी उतरून घ्यावं, असा दासबोध सिद्ध झाला आणि त्यांच्या हातची मानली जाणारी प्रत या मठाने जपली, ही गोष्ट आमच्याकडे कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. त्यामुळेच की काय, धर्माचं बोलणं कागदावर कोण आणतं, कोणत्या साधनाने आणतं आणि कुणाच्या परवानगीने, याचा मला जुना नाद आहे.

या नादाला चर्चची वाट फुटली ती 2020 मध्ये. जानेवारीत आमच्या जिल्ह्याच्या गावी, तेव्हाच्या उस्मानाबादला, 93वं साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षांचे संपादक, 'सुबोध बायबल'चे कर्ते. एक धर्मगुरू साहित्य संमेलनाचा अध्यक्ष कसा, म्हणून आधी गदारोळही झाला होता. त्यानंतर अडीच महिन्यांत टाळेबंदी आली. 12 एप्रिलचा ईस्टर कुलूपबंद चर्चमधून थेट मोबाइलवर आला. मिस्सा दिसत होती, प्रवचन ऐकू येत होतं, आणि ख्रिस्तशरीर घ्यायची वेळ आली की पडद्यासमोर बसलेल्या माणसाने मनातल्या मनात कम्युनियन घ्यायचं होतं. चर्चने इंटरनेट स्वीकारलं, अशा बातम्या तेव्हा झळकल्या. ते अर्धंच खरं होतं. चर्चने काय स्वीकारलं आणि काय अडवून धरलं, हे कळायला चारशे वर्षं मागचं एक पत्र वाचावं लागतं.

1608 च्या चैत्रात जांबेला समर्थांचा जन्म झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोव्याहून फादर थॉमस स्टीफन्सनी रोमला आपल्या जेझुइट संघाचे प्रमुख आक्वाव्हिवा यांना लिहिलं. हा इंग्रज माणूस 1579 मध्ये गोव्यात उतरला आणि तिथलाच झाला. आपण त्याला 'ख्रिस्तपुराणा'मुळे ओळखतो. हे पत्र अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या मुद्रणावरच्या आपल्या 1958 च्या इंग्रजी ग्रंथात दिलं आहे. पुराणापेक्षा मला ते पत्रच जास्त जवळचं वाटतं.

मागणी साधी होती. इथल्या भाषेतली पुस्तकं इथल्याच लिपीत छापावीत, मलबारकडे छापतात तशी. गोव्यात छापखाना 1556 पासून होता (तोही निघाला होता अबिसिनियाला, वाटेत इथे राहिला) आणि 1578 मध्ये मलबारकडे तमिळ लिपीत पुस्तक छापूनही झालं होतं. ते तमिळ खिळे पाडणाऱ्या जुआंव गोन्साल्विस या कारागिराने इकडच्या लिपीचीही पन्नासेक अक्षरं कोरून पाहिली होती, पण ते काम तसंच राहिलं.

स्टीफन्सनी दोन अडचणी मांडल्या. पहिली, युरोपात चोवीस अक्षरांत भागतं, इथे अक्षर म्हणजे अख्खा उच्चार, म्हणून सहाशे साचे लागतील. त्यावर त्यांनीच उपाय दिला: हे काम दोनशेत बसवता येईल. जोडाक्षरं आणि काना-मात्रा मांडत, खोडत हा माणूस किती रात्री बसला असेल! पुढे मराठी खिळे पाडणाऱ्या प्रत्येकाला हेच गणित सोडवावं लागलं. दुसरी अडचण वाचून मात्र हसू येतं. जेझुइट संघाच्या प्रांताधिकाऱ्यांच्या हुकमाशिवाय हे होणार नाही आणि त्यांच्यामागे इतकी कामं आहेत की त्यांना याकडे बघायला सवड नाही. तेव्हा आपण रोमहून त्यांना दोन ओळी लिहाव्यात.

तांत्रिक अडचण त्यांनी टेबलावर बसून निम्म्याहून खाली आणली. परवानगीची अडचण मात्र त्यांच्या हयातीत सुटली नाही. 1616 मध्ये राचोलला ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते रोमन लिपीत. अकरा हजारांच्या आसपास मराठी ओव्या आणि अक्षरं परकी. 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा छपाई झाली, पण या तीन छपाईंतली एकही प्रत आज हाती नाही. 1684 मध्ये व्हाइसरॉय आल्व्होरच्या काउंटने तीन वर्षांत लोकभाषा सोडून पोर्तुगीज बोलायचं फर्मान काढलं. त्या वातावरणात पुराण तगलं ते हस्तलिखितांवर. म्हणजे छापलेलं नाहीसं झालं आणि डोमगावसारखं हाताने उतरलेलं राहिलं. मंगळुरात सालदान्यांनी 1907 मध्ये अशाच प्रतींवरून ते पुन्हा छापलं, तेही रोमनमध्येच. नागरीत छापील ख्रिस्तपुराण यायला शांताराम बंडेलूंची 1956 ची आवृत्ती उजाडावी लागली. दोन ओळींच्या हुकमासाठी 348 वर्षं!

प्रॉटेस्टंटांना ही परवानगीची साखळी नव्हती. अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत आले, तीन-चार वर्षांत त्यांचा छापखाना चालू झाला आणि 1842 मध्ये नगरहून 'ज्ञानोदय' निघालं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंचं बायबल बायकांनीच खिळे जुळवून छापलं. उलट आपल्याकडे छापील पोथीला शिवायचं की नाही यावर वाद. शाईत चरबी असते हा आक्षेप मोडण्यासाठी गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरली. नव्या यंत्राला बिचकणं हा एका धर्माचा मक्ता नव्हे.

तेव्हा शब्दाच्या बाबतीत चर्चने यंत्राला कधी मनापासून नकार दिला नाही. उशीर झाला तो सवडीअभावी आणि हुकमाअभावी. पण ख्रिस्तशरीर म्हणून दिल्या जाणाऱ्या भाकरीचं तसं नाही. व्हॅटिकनने 1995 मध्येच आपलं संकेतस्थळ उघडलं, आणि 2002 च्या फेब्रुवारीत चर्च आणि इंटरनेटवरच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलं की इंटरनेटवर संस्कार होत नाहीत. 2011 मध्ये पापनिवेदनाच्या तयारीसाठी एक ॲप निघालं, तेव्हा प्रवक्त्यांना सांगावं लागलं की फोनला कबुली देऊन भागणार नाही. टाळेबंदीत पोप फ्रान्सिसची रोजची सकाळची मिस्सा जगभर थेट दिसत होती. त्याच मिस्सेत, 17 एप्रिलला, त्यांनी बजावलं की लोकांवाचून आणि संस्कारांवाचून चाललेलं हे चर्च अडचणीच्या काळापुरतं आहे, याची सवय लागता कामा नये.

प्रॉटेस्टंटांत इथे फाटे फुटले. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट बिशपांनी 2013 मध्ये ऑनलाइन प्रभुभोजन थांबवायला सांगितलं होतं, 2020 मध्ये त्यांच्यातल्याच अनेकांनी परवानगी दिली. घरची भाकरी, घरचा द्राक्षरस, पडद्यावर पाळक.

मला यात रोमची बाजू पटते, आणि स्टीफन्सच्या बाबतीत तीच पटत नाही. ओवी रोमनमध्ये छापा नाहीतर नागरीत, ती कानावर तीच पडते. म्हणून तिथे अडवणूक नुसती दिरंगाई होती. प्रभुभोजनात मात्र एकाच भाकरीचा तुकडा एका हातातून दुसऱ्या हातात जाणं हाच विधी आहे. तो वगळून उरतं ते पाहणं. टाळेबंदीत हे लोकांना धर्मशास्त्राशिवायच कळलं होतं. 2020 च्या पाडव्याला, 16 नोव्हेंबरला, राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली तेव्हा मोबाइलवरची मिस्सा बंद पडली नाही, पण तिच्यावर भागलंही नाही.

यंत्र आणि भाकरी यांचं हेच नातं एका संताच्या गोष्टीतही दिसतं. 7 सप्टेंबर 2025 ला पोप लिओंनी ज्या कार्लो अकुतिसला संत घोषित केलं, तो 2006 मध्ये पंधराव्या वर्षी गेलेला इटलीतला मुलगा. त्याला कॉम्प्युटरचं वेड होतं, आणि संकेतस्थळासाठी त्याने विषय निवडला ख्रिस्तप्रसादाच्या भाकरीचे चमत्कार. त्याने जगभरातल्या चमत्कारांची नोंद केली. तेच फलकांवर छापून आता धर्मग्रामांतून प्रदर्शनं भरतात.