ठरल्या वेळी आपोआप जाणारे पत्र

शाळेच्या कारभारात काही पत्रे अशी असतात की, ती लिहिण्यास विशेष बुद्धी लागत नाही, परंतु ती विसरण्यास फार थोडे कारण पुरते. हजेरीचा तक्ता पाच तारखेच्या आत द्यावा, शिष्यवृत्तीचे अर्ज अमुक दिवशी बंद होतील, पालकसभा शनिवारी आहे. मजकूर दरमहा तोच. महिना तेवढा बदलतो. सिल्वासाजवळच्या आमच्या अथालच्या परिसरात पुष्कळ मुले वारली, कोकणा, धोडिया कुटुंबांतून येतात आणि त्यांतील कित्येक घरांत शाळेची पायरी चढणारे ते पहिलेच असतात. अर्जाची मुदत टळली की त्या घरचे वर्षभराचे साहाय्य बुडते. असे स्मरणपत्र एखाद्या शिक्षकाच्या आठवणीवर सोपविणे मला धोक्याचे वाटते. ते यंत्रावर सोपवावे, आणि युनिक्स जातीच्या संगणकात या कामाचा एक नोकर फार वर्षांपासून हजर आहे. त्याचे नाव क्रॉन.

युनिक्स ही कार्यप्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी यांच्या हातून जन्मास आली. १९७९ च्या तिच्या सातव्या आवृत्तीत क्रॉन होता. पुढे १९८७ साली पॉल व्हिक्सी यांनी तो नव्याने लिहिला, आणि आज लिनक्सवर जो आढळतो तो बहुधा त्याच वंशातील असतो. ‘क्रोनोस’ म्हणजे ग्रीक भाषेत काळ. त्यावरून हे नाव आले.

टपालाशी त्याचा संबंधही जुनाच. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आय. आय. टी. यांच्यामध्ये टेलिफोनच्या तारेवरून ई-मेल जाऊ-येऊ लागले. त्या काळच्या पद्धतीत पत्रे संगणकावर साठून राहत; मग एक संगणक दुसऱ्यास फोन लावी आणि साठलेली थैली एकदम रिती करी. हा फोन किती वाजता लावावा, हे जगभर युनिक्सच्या यंत्रांवर क्रॉनच ठरवीत असे. गावात टपालाची गाडी ठरल्या वेळी यावी, तसाच हा प्रकार.

आता याचे काम पाहू. शाळेचा शिपाई तासांचा तक्ता भिंतीवर लावून ठेवतो आणि घड्याळाकडे पाहून घंटा देतो. क्रॉन दर मिनिटास एकदा जागा होतो, आपला तक्ता वाचतो, आणि त्या मिनिटासाठी काही काम नेमलेले असेल तर ते करून पुन्हा झोपतो. या तक्त्यास क्रॉनटॅब म्हणतात. त्यातील प्रत्येक ओळीत आरंभी पाच रकाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. त्यांच्यापुढे करावयाच्या कामाची आज्ञा येते. जेथे बंधन नको, तेथे तारा काढावा. म्हणजे ‘० ८ १ * *’ असे लिहिले की दर महिन्याच्या एक तारखेस सकाळी आठ वाजता काम होईल. आपल्या मुक्तिदिनाचे पत्र दर २ ऑगस्टला धाडावयाचे तर ‘० ८ २ ८ *’. तारीख आधी, महिना नंतर. ही रीत आपल्यास सवयीचीच आहे. मी ऐकण्याच्या सोयीसाठी मराठी अंक सांगत आहे. यंत्रात मात्र ते इंग्रजीच टंकावे लागतात. आज्ञा अगदी साधी असते: मेल नावाचा प्रोग्रॅम, त्यास विषय, ज्यास धाडावयाचे त्याचा पत्ता, आणि मजकूर ठेवलेली फाइल. मजकूर बदलावयाचा असेल तेव्हा तेवढी फाइल बदलावी. तक्त्यास हात लावण्याचे कारण नाही.

पहिल्या रकान्यात शून्याऐवजी चुकून तारा पडला तर काय होईल? ‘* ८ १ * *’ याचा अर्थ आठच्या तासातील प्रत्येक मिनिट असा होतो. आठ वाजल्यापासून आठ एकोणसाठपर्यंत प्रत्येक पालकास तेच पत्र साठ वेळा जाईल.

वाराचा रकाना याहून फसवा आहे. पालकसभा पहिल्या शनिवारी म्हणून कोणी तारखेच्या जागी ‘१-७’ आणि वाराच्या जागी ६ लिहिले, तर क्रॉन ही दोन बंधने एकत्र जोडीत नाही. दोन्ही रकाने भरलेले असले की त्यांपैकी कोणतेही एक जुळले तरी तो काम करतो. परिणामी एक ते सात तारखेपर्यंत रोज पत्र जाते आणि शिवाय उरलेल्या प्रत्येक शनिवारीही जाते. उपाय असा की, रकान्यात तारखा तेवढ्या द्याव्यात आणि आज शनिवार आहे काय, ही विचारणा आज्ञेतच करावी. त्या विचारणेत टक्क्याचे चिन्ह येते, आणि क्रॉन त्या चिन्हास ओळीचा शेवट समजतो. म्हणून त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. हा विक्षिप्तपणा खरा, पण इतकी वर्षे चाकरी केलेल्या नोकराचा तो सोसावा!

सणांच्या बाबतीत मात्र तो निरुपयोगी आहे. नाताळ २५ डिसेंबरला येतो, तो त्यास समजतो. दिवाळी तिथीने येते आणि ईस्टर वसंतातील पौर्णिमेनंतरच्या रविवारी. यांतले काहीच त्याच्या पाच रकान्यांत मावत नाही. त्या तारखा दरवर्षी माणसानेच भरावयाच्या.

वेळेचाही एक घोटाळा आहे. भाड्याने घेतलेला सर्व्हर पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेवर चालतो आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. आपले सकाळचे आठ म्हणजे तेथील अडीच. पहाटे पाचचे काम असेल तर तेथे आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. म्हणजे आपली एक तारीख ही तेथील गतमासाची अखेर! मुंबईकरांना या घोटाळ्याचे नवल वाटू नये. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी तीहून ३९ मिनिटे मागे असलेली मुंबईची वेळ शहराने पुढे कित्येक दशके सोडली नव्हती.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते. यंत्र बंद असताना जी वेळ निघून गेली, तिचे काम क्रॉन मागाहून करीत नाही आणि त्याबद्दल काही बोलतही नाही. घरच्या वा शाळेच्या संगणकासाठी म्हणून ॲनाक्रॉन हा त्याचा भाऊबंद बरा; तो मिनिटांचा हिशेब ठेवीत नाही, दिवसांचा ठेवतो, आणि चुकलेले काम यंत्र सुरू झाल्यावर उरकतो. आज्ञा फसली तर तिची तक्रार क्रॉन टपालानेच धाडतो, पण ती बहुधा संगणकाच्या आतल्याच पेटीत पडून राहते. तक्त्याच्या आरंभी ‘मेलटू’ या नावापुढे आपला नेहमीचा पत्ता लिहावा, म्हणजे ती आपल्या हाती येईल.

पत्र यंत्रातून निघाले म्हणजे पोहोचले असे नाही. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू यांनी प्रेषकाची ओळख पटविण्याचे नियम कडक केले आहेत. घरच्या संगणकावरून परस्पर धाडलेले टपाल नाकारले जाण्याचा संभव मोठा. आपली ई-मेलची सेवा जी असेल, तिच्याच सर्व्हरकडे संकेतशब्द देऊन पत्र सोपवावे. त्यासाठी छोटे प्रोग्रॅम मिळतात. पहिले पत्र स्वतःच्याच पत्त्यावर धाडून पाहावे.

शेवटी तक्ता उघडण्याविषयी. ‘क्रॉनटॅब’ लिहून आडव्या रेघेपुढे ‘ई’ दिला की तो दुरुस्तीसाठी उघडतो, ‘एल’ दिला की नुसता दिसतो, आणि ‘आर’ दिला की सगळा पुसला जातो, तोही बहुधा काही न विचारता. टंकफलकावर ‘ई’ आणि ‘आर’ शेजारी शेजारी आहेत. म्हणून तक्त्याची एक नक्कल दुसऱ्या फाइलमध्ये काढून ठेवावी आणि मगच दुरुस्तीस बसावे.