पायाखालच्या पेटीचा रंग

मडगावहून हुबळीस निघालेली आगगाडी दूधसागरचा घाट चढून, लोंढा, अळणावर, धारवाड अशी स्थानके मागे टाकीत हुबळीच्या जवळ येते, तेव्हा अमरगोळ नावाचे एक लहानसे स्थानक लागते. बहुतेक गोमंतकीय प्रवासी तोपर्यंत सामान आवरण्याच्या गडबडीत असतात. खिडकीबाहेर पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही. बनशंकरी आणि शंकरलिंग यांची जुनी मंदिरे व कृषी उत्पन्न बाजार समितीचे विस्तीर्ण आवार यांसाठी हे गाव ओळखले जाते. आम्हांस मात्र ते आठवते एका गच्चीसाठी. आमच्या परिचयाच्या एका गोमंतकीय कुटुंबातील मुलगा नोकरीनिमित्त तेथे खोली घेऊन राहतो आणि सुट्टीच्या दिवशी त्या गच्चीवर गिटारची पेडले रंगवीत असतो.

पायपेटी म्हटली की जुन्या नाट्यरसिकांच्या डोळ्यांपुढे संगीत नाटकातला ऑर्गन येईल. ही नवी पायपेटी निराळी. तिला भाता नाही, सूर नाहीत; मुठीएवढी अॅल्युमिनियमची डबी, तिच्यात चार-दोन ट्रान्झिस्टर, नऊ व्होल्टची वीज आणि वर पायाने दाबायचे एक बटन. गिटारचा स्वर तारेतून हिच्यात येतो आणि फाटून, थरथरून वा घुमून ध्वनिवर्धकाकडे जातो. परदेशी बनावटीची अशी पेटी आपल्याकडे महाग पडते; म्हणून हौशी मुले आता त्या घरीच जुळवू लागली आहेत. गेल्या चतुर्थीला हा मुलगा घरी आला तो तीन कोऱ्या पेट्या घेऊन. "काका, काम पुरं झालंय, आवाजही चांगला येतो, फक्त रंग ठरत नाही," असे तो म्हणाला. आम्ही वडीलकीच्या सुरात उत्तरलो, "अरे, लाल दे नाहीतर काळा दे, पायाखालीच तर जायची!" तो म्हणाला, "पायाखाली जायची म्हणूनच तर विचारतोय."

हे आम्हांस तेव्हा कळले नाही, ते त्याने समजावून दिले. रंगमंचावर अंधार असतो, वादकाची बोटे तारांवर गुंतलेली असतात आणि गाण्याचा मुखडा संपून अंतरा सुरू होण्यापूर्वीच्या क्षणात त्याला तीन पेट्यांपैकी नेमकी एक दाबायची असते. पाच फुटांवरून पेटीवरची अक्षरे वाचता येत नाहीत. डोळ्याला दिसतो तो रंग. तेव्हा रंग हेच त्या पेटीचे नाव. मोठ्या कारखानदारांनी हे फार पूर्वी ओळखले. अमेरिकेत १९६२ साली बाजारात आलेली 'फझ-टोन' ही पेटी तपकिरी होती. लंडनमध्ये १९६६ साली निघालेली 'फझ फेस' ही गोल थाळीसारखी पेटी, जी जिमी हेन्ड्रिक्सच्या पायाशी असे, लाल किंवा करड्या रंगात मिळे, आणि तो रंगही साधा नव्हे, हातोडीने ठोकल्यासारखा खडबडीत. जपानच्या 'बॉस' कंपनीने १९७७ साली एक पिवळी पेटी काढली, पुढल्याच वर्षी दुसऱ्या आवाजाची नारिंगी. 'आयबानेझ'ची हिरवी १९७९च्या सुमाराची. आज जगभरचे वादक 'ती हिरवी' एवढेच म्हणतात आणि समोरच्यास आवाज कळतो.

आता घरी पेटी करणाऱ्यापुढे पहिला मोह उभा राहतो तो येथेच. आतली जुळणी त्या हिरव्या पेटीसारखीच आहे, मग वरूनही तोच हिरवा का देऊ नये? आमचे मत स्पष्ट आहे: देऊ नये. जुळणी समजून घेऊन स्वतःसाठी उतरविणे हा शिकण्याचा मार्ग आहे; दुसऱ्याचा अंगरखा घालून मिरविणे ही उसनी ऐट आहे, आणि पेटी पुढे विकली गेली तर ती फसवणूकही ठरते. या मुलानेही, सांगायला आनंद वाटतो, पहिल्याच दिवशी हिरव्याला फाटा दिला होता.

परंतु हिरवा नको म्हटल्याने हवा तो रंग हाती येत नाही. हार्डवेअरच्या दुकानात स्प्रेचे डबे ओळीने मांडलेले असतात आणि गिऱ्हाईक रंग ओळखते ते डब्याच्या प्लॅस्टिकच्या झाकणावरून. झाकणाचा निळा आणि आतला निळा यांचा संबंध पुष्कळदा पत्रिकेतल्या गुणांइतकाच. त्यातून खाली करडा प्रायमर असेल तर पिवळा मळकट दिसतो, पांढरा असेल तर खुलतो. मुलाने यावर उपाय काढला तो आम्हांस मनापासून आवडला. डालड्याच्या जुन्या डब्यांची झाकणे घासून त्यांवर एकेक रंग मारला, अर्ध्यावर पांढरा आणि अर्ध्यावर करडा अस्तर देऊन. मग रात्री खोलीत लाल आणि निळा असे झिरोचे दोन बल्ब आळीपाळीने लावून ती झाकणे जमिनीवर मांडली व उभ्याने पाहिली. दिवसा डोळ्यांत भरणारा लाल रंग निळ्या दिव्याखाली काळा ठिक्कर पडला. लाल दिव्याखाली पांढरा आणि पिवळा एकमेकांत मिसळून गेले. रंगमंचावर नेमके असलेच दिवे असतात! तेव्हा नुसता रंग पुरत नाही, फिका आणि गडद यांतले अंतरही लागते: एका पेटीवर आडवा पांढरा पट्टा, दुसरी अर्धीच रंगविलेली. लाल-हिरव्यातला भेद न कळणाऱ्या वादकालाही, आणि पुरुषांत असे लोक काही थोडे नाहीत, त्याचा उपयोग होतो.

मौज अशी, की रंगाच्या बाबतीत काटेकोर असण्याची परंपरा या गच्चीपासून फार दूर नाही. हुबळीच्या बेंगेरी भागात १९५७ साली स्थापन झालेला खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ राष्ट्रध्वज तयार करतो. ध्वजाचे भारतीय मानक प्रथम १९५१ साली ठरले आणि १९६८ साली सुधारले गेले. केशरी आणि हिरवा कोणता, याला त्यात मोजमाप आहे, कारागिराच्या नजरेवर ते सोडलेले नाही. तयार रंग आणि एनॅमल यांच्यासाठीही आपल्या देशात असेच एक मानक आहे, 'आयएस ५'. त्यात प्रत्येक छटेला नाव आहे आणि क्रमांकही: सिग्नल रेड ५३७, पोस्ट ऑफिस रेड ५३८, गोल्डन यलो ३५६, ऑक्सफर्ड ब्लू १०५, स्मोक ग्रे ६९२. सरकारी निविदेत, कारखान्यातल्या यंत्रावर हे क्रमांक रोज वापरले जातात. स्प्रेच्या डब्यावर मात्र 'लाल' एवढेच लिहून भागते. झाकणाऐवजी रंगाचा खरा ठिपका आणि हा क्रमांक छापण्यास उत्पादकांना कितीसा खर्च येईल? कवडीचे काम आहे. पण मागणारे गिऱ्हाईक लहान, म्हणून कोणी करीत नाही.

आता हवेकडे वळू, कारण आपणा किनारपट्टीवाल्यांचा खरा घोळ तेथेच आहे. गतवर्षी याच मुलाने एक पेटी आषाढात आपल्या गोव्याच्या घरी रंगविली होती. दुसऱ्या दिवशी तिच्यावर दुधाची साय धरावी तसा पांढुरका थर आला आणि दिवाळीपर्यंत कडेने पापुद्रे सुटू लागले. त्याने दोष दिला डब्याला. वास्तविक दोष होता पावसाला आणि उतावळेपणाला. स्प्रेतले थिनर भराभर उडून जाताना पृष्ठभाग थंड करते. हवा दमट असली की त्या थंडाव्यावर दव धरते, ते ओल्या रंगात अडकते आणि रंग दुधाळ होतो. पापुद्र्यांचे कारण निराळे. अॅल्युमिनियमच्या अंगावर हवेने आलेला ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि त्यावर साधा रंग धरत नाही. मोटारी रंगविणारे कारागीर म्हणून आधी पॉलिश पेपरने घासून, थिनरने पुसून, धातूत रुतणारा वॉश प्रायमर लावतात. किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याचा अंश राहून गेला तर रंगाखालून गंज सरपटत जातो तो वेगळाच. घासल्यावर पेटीला हाताचा घामही लागू नये, इतके ते नाजूक काम.

अमरगोळची हवा त्याला मानवली ती यामुळे. ते गाव ६०० मीटरांहून अधिक उंचीवर, पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी कमी, आणि मार्गशीर्षातले ऊन कोरडे. वीतभर अंतरावरून पातळ हात द्यायचा, तो सुकला की दुसरा, मग तिसरा. एकदम जाड हात दिला की ओघळ आलाच. जवळच्या मिरजेतल्या सतारमेकरांना हे कोणी शिकवावे लागले नाही. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर लाखेचे पॉलिश पुडांमागून पुडे देत चढविताना तेही दमट हवेला भितात, कारण लाखही ओलाव्याने पांढरी पडते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले; त्या वाद्यांच्या तपकिरी झळाळीमागे हा संयम आहे. धारवाड-हुबळीच्या मातीत मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल गायिले, तेथे तंबोऱ्याचा रंग कसा असावा याची चर्चा कोणास क्षुल्लक वाटत नसे. गिटारच्या पेटीची चर्चा आम्हांस हास्यास्पद वाटली, यात आमच्या वयाचा भाग किती आणि विचाराचा किती, हे आम्ही स्वतःशी तपासून पाहिले. उत्तर फारसे सुखावह नव्हते.

एका गोष्टीची मात्र चिंता वाटते, आणि ती आम्ही त्याच्या आईपुढेही बोलून दाखविली. हा मुलगा गच्चीवर रंगवितो हे ठीक. त्याचे मित्र पावसाळ्यात खोलीची दारे लावून, तोंडाला हातरुमाल बांधून हाच उद्योग करतात. हातरुमालाने रंगाचे कण थोडे अडतात, थिनरची वाफ अडत नाही. तिच्यासाठी कोळशाची गाळणी असलेला मुखवटा लागतो. दोन भाग मिसळून वापरायच्या मोटारीच्या काही रंगांत आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते, त्याने धडधाकट माणसास कायमचा दमा जडू शकतो. डब्यातला वायूही बहुधा स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा असतो. शेजारच्या कोनाड्यात समई तेवत असली तर पुढचे सांगायला नको. आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत जेथे रंगकामाची हवा खेचणारी खोली असेल, ती महिन्यातून एखादा रविवार अशा हौशी कारागिरांना अल्प शुल्कात वापरू द्यावी, एवढी मागणी आम्ही गोवा आणि कर्नाटक या दोन्ही सरकारांकडे करतो. वाद्ये बनविणाऱ्या मुलांना अनुदान वगैरे नको आहे. फुप्फुसे शाबूत राहतील अशी एक खोली हवी आहे.

तीनपैकी दोन पेट्यांचे रंग आता ठरले आहेत. आवाज फाडणारी पिवळी, तिच्यावर काळा आडवा पट्टा; घुमविणारी पांढरी, खालची अर्धी बाजू ऑक्सफर्ड निळी. तिसरी, स्वर थरथरविणारी, तिच्यासाठी आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने पोस्टाच्या पेटीचा लाल सुचविला. मुलाने काही न बोलता तो रंग दिलेले झाकण निळ्या बल्बखाली धरून दाखविले. ती पेटी अजून कोरीच आहे. थंडी पडली की पाहू, असे तो म्हणतो.