दमेकऱ्यांनो, पंप घेतल्यावर चूळ भरा

बालाघाट जिल्ह्यातल्या बिरसा तालुक्यात मलाजखंडची तांब्याची मोठी खाण आहे. बाकी सगळा भातशेतीचा आणि जंगलाचा मुलूख. धूळ, मळणीचा भुसा आणि चुलीचा धूर यांनी ॲलर्जी असलेल्यांचे नाक चोंदते, दमा उसळतो. नाक बंद झाले की माणूस तोंडाने श्वास घेतो. तोंड कोरडे पडते, दातांना जपणारी लाळ आटते. मग दात किडतात, हिरड्या सुजतात.

दम्याच्या पंपातले स्टेरॉईड जिभेवर आणि टाळूवर राहिले, तर तिथे पांढरी बुरशी धरू शकते. म्हणून पंप सोडायचा का? मुळीच नाही, तो श्वास राखतो. घेतल्यावर खळखळून चूळ भरून पाणी थुंकायचे. पंपाला स्पेसर नावाची नळी लावल्यास तोंडात औषध कमी साचते.

उलट दिशेनेही धागा आहे. वरच्या दाढेच्या मुळाशी पू झाला, तर संसर्ग गालामागच्या सायनसमध्ये शिरतो आणि एका नाकपुडीतून दुर्गंधी स्राव येतो. त्याला ॲलर्जीची सर्दी समजून महिनोन्‌महिने गोळ्या खाणे चूक. म्हणून दातही जपायला हवेत; पण या पट्ट्यात दातांना गुडाखू घासतात. त्यात तंबाखू असते, ती हिरड्यांचे नुकसानच करते.

दात काढायला जाताना पंप सोबत न्या. ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकांनी काहींचा दमा भडकतो, तेव्हा दम्याची गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगा.