गाडी बिघडली का, नाना?

डॉक्टरांनी वडिलांना रोज पायी फिरायला सांगितलं ते १९९७ साल. पहिल्याच सकाळी यावल रस्त्यावर त्यांच्याजवळ तीन मोटारसायकली थांबल्या. "काय नाना, गाडी बिघडली का? बसा मागे." काम नसताना माणूस चालतो, हे तेव्हा चोपड्यात कुणाला पटणारं नव्हतं. शुगरचं नाव घ्यायची वडिलांना लाज वाटे, म्हणून ते "मळ्यात चाललो" म्हणत. मळा उलट्या दिशेला होता.

त्याआधी व्यायाम म्हणजे तालीम. तांबड्या मातीत ताक, हळद, तेल घालून ती मऊ केलेली; लंगोट कसून पोरं पहाटे जोर-बैठका मारायची. यात्रेच्या दंगलीत लहानग्यांची कुस्ती रेवड्यांवर लागे. बाकीच्यांचं अंग शेतच कसून घ्यायचं. कापसाची वेचणी, केळीचे घड खांद्यावरून बांधापर्यंत वाहणं. त्या दिवसांचं फार कौतुकही नको. वाकून वाकून कितीतरी बायकांच्या कमरा कायमच्या गेल्या. कष्ट आणि व्यायाम एक नव्हे. व्यायामात थांबायची मुभा असते.

लंडनच्या जेरी मॉरिस यांनी १९५३ सालीच एक गोष्ट दाखवून दिली होती. दुमजली बसचा जिना दिवसभर चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. बस तीच, रस्ता तोच. आमच्याकडे मोटारसायकली आल्या आणि बघता बघता आख्खं गाव ड्रायव्हर झालं. कोपऱ्यावरून दूध आणायलाही किक. देशाचंही तेच: पुरेशी हालचाल न करणारी प्रौढ माणसं २००० मध्ये साधारण २२ टक्के होती, २०२२ मध्ये जवळजवळ निम्मी.

मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या, चाळीसगाव तालुक्याच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा आणली. आम्ही टीव्हीसमोर खूप टाळ्या वाजवल्या. बसूनच. मग जिम आल्या, आरसे आले, प्रोटीनचे डबे आले. १ जानेवारीला उभं राहायला जागा नसायची, संक्रांतीनंतर हवी तेवढी.

वडिलांची शुगर २०१८ मध्ये माझ्या वाट्याला आली. तेव्हा कळलं, चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात. आजीची जेवणानंतरची शतपावली उगाच नव्हती! जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं झपझप चालण्यासारखा व्यायाम सांगते आणि दोन दिवस स्नायूंना ताण द्यायला सांगते. म्हणजे तालमीतल्या बैठकाच की. भिंतीला हात टेकून मी पाचपासून सुरुवात केली. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी दुसऱ्या खेपेला खाली आली. गोळी सुटली नाही, वाढायची थांबली. झोप मात्र पहिल्या पंधरवड्यातच सुधारली, आणि खरं सांगायचं तर मी टिकलो तो झोपेपायी.

झोपेपायी आणि सोबतीपायी. एकटा असतो तर पहिल्या थंडीतच गोधडी जिंकली असती. पण चौघं चौकात वाट बघत असतात, आणि न गेल्यास घरी फोन येतो.

२०२०च्या टाळेबंदीत गल्लीतल्या बायका गच्चीवर फेऱ्या मारू लागल्या. टाळेबंदी उठली तशा त्या रस्त्यावर आल्या, त्या आजतागायत. नऊवार असो की पाचवार, खाली स्पोर्ट्स शूज. त्यांना कुणी गाडी बिघडली का विचारत नाही.

तुम्हीही या. थंडीत सहाला निघतो, मे महिन्यात मात्र पाचला. सातनंतर आमच्याकडचं ऊन कुणाला चालू देत नाही.