उंबरातली माशी आणि सागावरची अळी: दोघी ‘कीड’च का?

जूनअखेरीस ट्रेकला गेलो होतो. वाटेत साग दिसले. पानं अशी खाल्लेली की फक्त जाड शिरा उरलेल्या. पुढे ओढ्याकाठी उंबर. मित्राने पिकलेलं उंबर फोडलं, आत केंबरं दिसली, तर “ई, किडकं आहे!” म्हणून फेकलं. मला वाटलं, दोन्हीकडे किडेच, पण झाडाशी हिशोब अगदी उलटा.

आधी उंबर घेऊ. क्वचितच दिसणाऱ्या गोष्टीला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो ना? खरं तर फुलं असतात, भरपूर असतात, पण त्या गोल ‘फळा’च्या आत. तोंडाशी बारीकसं छिद्र. त्यातून जेमतेम दोन मिलिमीटरची फिग वास्प मादी आत घुसते. घुसताना बहुतेक वेळा पंख तुटतात. सोबत आणलेला पराग ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. मग काही फुलांत बी धरते, काहींत तिची पिल्लं वाढतात. नरांना पंख नसतात. ते माद्यांशी मीलन करतात, बाहेर जायला बोगदा कोरतात आणि संपतात. माद्या पराग घेऊन उडतात. हातात एक-दोन दिवस, तेवढ्यात दुसरं उंबर गाठायचं!

आमच्या भाषेत ही दोन्ही बाजूंनी डिपेंडन्सी. माशी गेली तर बी नाही, झाड गेलं तर माशी नाही.

आता साग. हायब्लिया प्युएरा नावाच्या पतंगाची अळी कोवळी पानं फस्त करते. बदल्यात परागीभवन वगैरे काही नाही. झाड सहसा मरत नाही, नवी पानं फुटतात, पण वाढ खुंटते. केरळात निलंबूरच्या तरुण सागलागवडीत झालेल्या अभ्यासात लाकडाच्या वाढीत सुमारे 44 टक्के घट दिसली.

मग सरळ फवारणी करायची? इथेच गोची आहे. सरसकट कीटकनाशक अळी आणि माशी यांत फरक करत नाही. सागाशेजारच्या उंबरावरच्या माश्याही जातील, आणि उंबरं खाणारे धनेश, वटवाघळं, माकडं उपाशी राहतील. म्हणूनच केरळ वन संशोधन संस्थेने या अळीलाच मारणाऱ्या विषाणूवर काम केलंय.

तर पुढच्या वेळी उंबरात केंबरं दिसली की फेकण्याआधी जरा थांबा. ती नसती, तर ते उंबर पिकलंच नसतं. भेटू पुढच्या भागात!