रेघ सुटता कामा नये

आमच्या आईचे वय ७८. घराण्यातील पाच पिढ्या तिला मुखोद्गत. दुसऱ्या कोणालाच नाहीत. म्हणून गेल्या श्रावणात मी वंशावळ संगणकावर उतरवायला बसलो. पत्रे लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्येच चौकटी काढल्या, रेघा ओढल्या. तोच आई म्हणाली, "अरे, धाकट्या आत्याबाई राहिल्याच की!" त्यांना जागा करण्यासाठी चार चौकटी सरकवल्या, तर रेघा होत्या तिथेच राहिल्या आणि दोन चुलते एकदम अनाथ झाले!

तेव्हा वाचकहो, आकृत्यांचे साधन निवडताना पहिली कसोटी हीच लावा : चौकट हलवली की रेघ तिच्या मागोमाग येते का? लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये 'कनेक्टर' घेतला तर येते. साधी रेघ घेतली तर नाही. ड्रॉ.आयओची संगणकावर बसवायची आवृत्ती फुकट मिळते, इंटरनेटवाचून चालते. वायएड सगळी मांडणी आपणहून लावून देते. थोरल्या-धाकट्यांचा क्रम मात्र आपणच तपासावा. व्हिजिओ नामांकित खरे, पण विकतचे. घरच्या कामाला एवढा सरंजाम कशाला?

आमच्या ६३ चौकटी झाल्या आहेत. काल रात्री दिवा मालवताना आईला आणखी एक चुलतसासरे आठवले.